चष्मा, औषध आणि प्रशिक्षित हात

वैद्यकीय सेवेचा विचार करताना आपल्या डोळ्यांसमोर प्रथम डॉक्टर उभा राहतो, त्यानंतर परिचारिका आणि मग रुग्णालयाची इमारत. परंतु रुग्ण डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर पडतो तेव्हा बहुधा त्याच्या हातात एक चिठ्ठी असते. ती चिठ्ठी चष्म्याच्या नंबराची असेल तर चष्म्याच्या दुकानी जाते. औषधांची असेल तर औषधाच्या खिडकीशी जाते. डॉक्टरांनी केलेले निदान कितीही अचूक असले तरी त्याचे फळ रुग्णाच्या पदरात पडणे हे या शेवटच्या टप्प्यावरील माणसाच्या ज्ञानावर आणि दक्षतेवर अवलंबून असते. काच अर्ध्या सेंटिमीटरने सरकली, किंवा बाटलीवरील एक आकडा वाचायचा राहिला, तर आधीचे सारे श्रम वाया जातात.

या दोन कामांसाठी माणसे कशी तयार होतात, त्यांच्या शिक्षणात नेमके काय असते आणि आपल्या तालुक्यातील मुलामुलींना हे शिक्षण घेताना कोणती काळजी घ्यावी लागते, याची माहिती शिक्षक, पंचायत सदस्य व आरोग्याशी संबंधित अधिकाऱ्यांना असणे उपयुक्त ठरेल.

सामुदायिक महाविद्यालयाची कल्पना

अशा मध्यम पातळीवरील कौशल्यांसाठी अमेरिकेत ‘कम्युनिटी कॉलेज’ म्हणजे सामुदायिक महाविद्यालय ही संस्था वाढीस लागली. इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे १९०१ मध्ये सुरू झालेले कनिष्ठ महाविद्यालय हे तेथील सर्वांत जुने सार्वजनिक सामुदायिक महाविद्यालय मानले जाते. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४७ मध्ये, अध्यक्ष ट्रूमन यांनी नेमलेल्या उच्च शिक्षण आयोगाने घराजवळ, कमी खर्चात, दोन वर्षांचे शिक्षण देणाऱ्या महाविद्यालयांचा पुरस्कार केला आणि ‘कम्युनिटी कॉलेज’ हे नाव रूढ झाले. चार वर्षांच्या विद्यापीठीय पदवीची ज्याला ऐपत वा निकड नाही, त्याला आपल्याच परिसरात राहून, नोकरी सांभाळून, परिसरातील उद्योगांना व रुग्णालयांना लागणारे कौशल्य मिळावे, हा त्यामागील हेतू होता.

या महाविद्यालयांतून चष्मे बनविणाऱ्या व बसविणाऱ्या ऑप्टिशियनांचे आणि औषधनिर्मात्याच्या हाताखाली काम करणाऱ्या फार्मसी टेक्निशियनांचे वर्ग चालतात. उत्तर कॅरोलिना राज्यातील डरहॅम येथील तांत्रिक सामुदायिक महाविद्यालयाचा ऑप्टिशियन अभ्यासक्रम हे त्याचे एक उदाहरण आहे. तेथील सुमारे निम्म्या राज्यांत ऑप्टिशियनला परवाना घ्यावा लागतो. फार्मसी टेक्निशियनांसाठी १९९५ मध्ये राष्ट्रीय पातळीवरील प्रमाणन मंडळ स्थापन झाले. टेक्निशियन गोळ्या मोजतो, लेबल लावतो, साठा ठेवतो; परंतु औषधाबाबत रुग्णाला सल्ला देणे आणि अखेरची तपासणी करणे हे काम औषधनिर्मात्याकडेच असते. कामाची ही वाटणी त्या व्यवस्थेचा कणा होय.

भारतात पहिले सामुदायिक महाविद्यालय १९९५ मध्ये पाँडिचेरी विद्यापीठाने सुरू केले. पुढे २०१३ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने बाराव्या पंचवार्षिक योजनेच्या काळात या महाविद्यालयांची योजना हाती घेतली. तीत साधारणतः ४० टक्के भाग सामान्य शिक्षणाचा आणि ६० टक्के भाग कौशल्याचा ठेवण्यात आला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये राष्ट्रीय कौशल्य अर्हता आराखडा अधिसूचित होऊन प्रमाणपत्र, पदविका व त्यापुढील पातळ्या एका शिडीत बसविण्यात आल्या. तथापि आपल्याकडे या दोन व्यवसायांच्या वाटा सारख्या नाहीत. औषधाची खिडकी कायद्याने बांधलेली आहे. चष्म्याचे दुकान दीर्घकाळ गुरूच्या हाताखाली शिकलेल्या कारागिराच्या भरवशावर चालत आले आहे.

चष्म्याच्या कामात शिकण्यासारखे काय आहे ?

नंबर काढणे हे नेत्रतज्ज्ञाचे किंवा ऑप्टोमेट्रिस्टचे काम. त्या नंबराप्रमाणे चष्मा तयार करून तो चेहऱ्यावर नीट बसविणे हे ऑप्टिशियनचे काम. दुसरे काम वरवर पाहता काच कापून चौकटीत बसविण्याइतके सोपे वाटते. प्रत्यक्षात त्याच्यामागे प्रकाशशास्त्राचे काटेकोर नियम आहेत.

चष्म्याचा नंबर डायॉप्टर या एककात मोजतात. काचेचे नाभीय अंतर मीटरमध्ये घेऊन त्याने एकाला भागले की डायॉप्टर मिळतो. अधिक २ नंबराची काच समांतर किरण अर्ध्या मीटरवर एकत्र आणते. प्रत्येक काचेला एक प्रकाशीय केंद्र असते आणि ते डोळ्याच्या बाहुलीसमोर यावे लागते. म्हणून दोन्ही बाहुल्यांमधील अंतर मिलिमीटरमध्ये मोजणे हा ऑप्टिशियनच्या कामाचा पहिला धडा होय. प्रौढांत हे अंतर बहुधा ६० ते ६५ मिलिमीटरच्या आसपास असते, परंतु माणसागणिक त्यात बराच फरक पडतो.

हे मोजमाप चुकले तर काय होते ? समजा एखाद्या विद्यार्थ्याचा नंबर उणे ६ आहे आणि काचेचे केंद्र बाहुलीपासून ५ मिलिमीटर सरकले आहे. नंबराला सेंटिमीटरमधील सरकलेल्या अंतराने गुणले की ३ हा आकडा येतो. याचा अर्थ काच त्या ठिकाणी ३ प्रिझम डायॉप्टरच्या लोलकासारखी वागते आणि एक मीटरवरील वस्तू डोळ्याला ३ सेंटिमीटर सरकलेली दिसते. दोन्ही डोळ्यांना ही विसंगती सांधताना मुलाचे डोके दुखू लागते, वाचताना ओळी एकमेकींत मिसळतात. घरची मंडळी म्हणतात, ‘नंबर चुकला.’ वास्तविक नंबर बरोबर असतो. चूक काच बसविण्यात झालेली असते.

तिरकस नंबर, ज्याला सिलिंडर म्हणतात, त्याचा अक्ष अंशांत दिलेला असतो. काच चौकटीत बसविताना हा अक्ष ५ अंशांनी फिरला तर त्या नंबराच्या सुमारे १७ टक्के इतका दोष शिल्लक राहतो. ३० अंशांनी फिरला तर दोष मूळच्याइतकाच उरतो, म्हणजे ती काच न लावल्यासारखीच. यासाठी तयार काच लेन्सोमीटर या यंत्राखाली पुन्हा तपासून पाहण्याची सवय प्रशिक्षणात हाडीमासी रुजवावी लागते. नंबर ४ च्या पुढे गेला की काच डोळ्यापासून किती अंतरावर आहे यालाही महत्त्व येते. त्याखेरीज काचेची कड घासणे, चौकट उष्ण हवेने मऊ करून तिची दांडी कानामागे नीट वळविणे, नाकावरच्या पट्ट्या बसविणे, लहान मुलांसाठी सहज न फुटणारी काच निवडणे, हे सारे हाताने करून शिकावयाचे असते. चष्मा टोचत असेल तर मूल तो दप्तरात ठेवते, आणि दप्तरातील चष्म्याने फळा दिसत नाही.

चाळिशीची किंमत

मराठीत वयाच्या चाळिशीला आणि जवळचे पाहण्याच्या चष्म्याला एकच शब्द आहे. वय वाढते तसे डोळ्यातील भिंग ताठर होते. जवळच्या वस्तूवर नजर स्थिरावत नाही. हा रोग नव्हे, कोणालाही न चुकणारी अवस्था आहे आणि तिच्यावरील उपाय एका साध्या चष्म्याचा आहे. परंतु ज्याला अक्षरओळख नाही त्याला चाळिशीची गरज नाही, असा एक गैरसमज ग्रामीण भागात आढळतो. धान्य निवडणे, सुईत दोरा ओवणे, विणकाम, मोबाइलवरील आकडे, औषधाच्या पाकिटावरील तारीख, या सर्वांना जवळची नजर लागते.

या गरजेचे मोल आसामच्या चहामळ्यांत मोजले गेले आहे. चाळीस वर्षे व त्यावरील वयाच्या ७५१ चहापत्ती खुडणाऱ्या कामगारांवर झालेल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांपैकी एका गटाला जवळचे पाहण्याचे चष्मे प्रारंभी देण्यात आले, दुसऱ्या गटाला अभ्यास संपल्यावर. चष्मा मिळालेल्या गटाची खुडणी दुसऱ्या गटाच्या तुलनेत सुमारे २१.७ टक्क्यांनी अधिक वाढली. रोजंदारीवर जगणाऱ्या कुटुंबाच्या दृष्टीने हा आकडा बोलका आहे.

राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ मध्ये सुरू झाला. त्यातूनच नेत्रसाहाय्यकांच्या दोन वर्षांच्या प्रशिक्षणाला चालना मिळाली आणि ग्रामीण आरोग्य संस्थांत नंबर तपासणारा माणूस उपलब्ध होऊ लागला. २०१५ ते २०१९ या काळातील राष्ट्रीय पाहणीत अंधत्वाचे प्रमाण ०.३६ टक्के आढळले. २००६–०७ च्या पाहणीत ते १ टक्का होते. व्याख्येतील फरक लक्षात घेऊनही ही प्रगती उल्लेखनीय आहे.

स्वयंसेवी संस्थांनीही या बाबतीत वाट दाखविली आहे. मदुराई येथे डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी १९७६ मध्ये ११ खाटांनिशी सुरू केलेल्या अरविंद नेत्र रुग्णालयाने खेड्यांतील तरुण मुलींना दोन वर्षे प्रशिक्षण देऊन तपासणी, नंबर व शस्त्रक्रियेतील साहाय्य यांसाठी तयार केले. आज ते रुग्णालय ज्या संख्येने शस्त्रक्रिया करते, तिच्या मुळाशी या मुलींचे काम आहे. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेने सुमारे ५० हजार लोकवस्तीसाठी एक दृष्टिकेंद्र अशी रचना केली आणि त्यासाठी स्थानिक तरुणांना एक वर्षाचे दृष्टितंत्रज्ञ प्रशिक्षण दिले. नंबर तपासणे, चष्मा देणे आणि आपल्या आवाक्याबाहेरचा रुग्ण ओळखून वर पाठविणे, ही त्यांची कामे. यातील तिसरे काम सर्वांत कठीण होय.

औषधाच्या खिडकीमागील शिक्षण

औषधाच्या बाबतीत आपल्याकडील चौकट जुनी आणि स्पष्ट आहे. कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखालील औषध चौकशी समितीने १९३०–३१ मध्ये या क्षेत्रातील बेबंदशाही उघड केली. १९४० मध्ये औषधांचा कायदा आणि १९४८ मध्ये फार्मसी कायदा झाला. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरील औषध नोंदणीकृत औषधनिर्मात्यानेच द्यावे, असे या दुसऱ्या कायद्याच्या ४२ व्या कलमात म्हटले आहे. त्यामुळे अमेरिकेतील टेक्निशियनसारखा वेगळा वर्ग आपल्या कायद्यात नाही. पदविकाधारक औषधनिर्माता हाच दुकानातील आणि ग्रामीण रुग्णालयातील जबाबदार माणूस असतो. दुकानातील मदतनीस साठा लावू शकतो, माल उतरवून घेऊ शकतो. चिठ्ठी वाचून औषध देण्याचा अधिकार त्याला नाही.

औषधनिर्माणशास्त्राची पदविका दोन वर्षांची असून बारावी विज्ञान शाखेनंतर तिला प्रवेश मिळतो. महाराष्ट्रात तिच्या परीक्षा राज्य तंत्रशिक्षण मंडळातर्फे घेतल्या जातात. २०२० च्या शिक्षण नियमांनी अभ्यासक्रमाची नव्याने आखणी केली. पहिल्या वर्षी औषधे तयार करण्याचे शास्त्र, औषधी रसायन, औषधी वनस्पती, शरीररचना आणि सामाजिक औषधशास्त्र. दुसऱ्या वर्षी औषधांचे शरीरावरील परिणाम, उपचारपद्धती, जीवरसायन, रुग्णालयातील व समाजातील औषधसेवा आणि कायदा, अशी त्याची मांडणी आहे. त्यानंतर किमान ३ महिन्यांत ५०० तासांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण असते आणि त्यांपैकी निदान २५० तास चिठ्ठीवरून औषध देण्याच्या कामात जावेत, अशी अट आहे. २०२२ च्या नियमांनी नोंदणीपूर्वी एक निर्गम परीक्षाही आणली.

या २५० तासांचे महत्त्व एका साध्या उदाहरणावरून कळेल. ताप उतरविणारे पॅरासिटामॉल लहान मुलांसाठी पातळ स्वरूपात मिळते. एका सिरपच्या ५ मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम औषध असते, दुसऱ्यात २५० मिलिग्रॅम. तान्ह्या बाळाच्या थेंबांत मात्र १ मिलिलिटरमध्येच १०० मिलिग्रॅम असते. थेंबांची बाटली सिरप समजून आईने ५ मिलिलिटर दिले, तर बाळाच्या पोटात ५०० मिलिग्रॅम म्हणजे साध्या सिरपच्या चौपट औषध जाते. औषध तेच, कंपनी तीच, डॉक्टरांची चिठ्ठीही योग्य. तरीही घातक चूक होऊ शकते. खिडकीतील माणसाने बाटली हातात देताना मापाची खूण दाखविली आणि ‘किती देणार ते सांगा पाहू’ असे आईकडून वदवून घेतले, तर ही चूक टळते. त्याला अर्धे मिनिट लागते.

अशी इतर उदाहरणेही शिक्षणात येतात. संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट हे औषध आठवड्यातून एकदा घ्यावयाचे असते. ते रोज घेतले गेल्यास जिवावर बेतू शकते. इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात राखावे लागते, पण गोठू देऊन चालत नाही. प्रतिजैविकाच्या कोरड्या भुकटीत उकळून गार केलेले पाणी खुणेपर्यंतच घालावयाचे आणि तयार औषध लेबलवरील मुदतीनंतर टाकून द्यावयाचे. १ मार्च २०१४ पासून अमलात आलेल्या ‘एच-१’ अनुसूचीतील औषधांसाठी डॉक्टर, रुग्ण, औषध व त्याचे प्रमाण यांची वेगळी नोंदवही ठेवून ती ३ वर्षे जपावी लागते. क्षयरोगावरील औषधे व काही प्रभावी प्रतिजैविके तीत येतात. ही औषधे सरसकट विकली गेली तर जंतू त्यांना दाद देईनासे होतात आणि त्याची किंमत साऱ्या समाजाला मोजावी लागते.

जेथे दोन्ही व्यवसाय एकत्र येतात

शेतीच्या हंगामात एक प्रसंग गावोगाव घडतो. भाताची कापणी किंवा उसाची तोडणी चालू असताना पाते डोळ्यावर लागते. डोळा लाल होतो, पाणी वाहते. कामाचा दिवस बुडू नये म्हणून माणूस औषधाच्या दुकानात जातो आणि लाली घालविणारे थेंब मागतो. काही वेळा त्याला स्टेरॉइडचे थेंब मिळतात. लाली कमी होते, बरे वाटते. परंतु वनस्पतीच्या पात्यावरून बुरशी डोळ्यात शिरलेली असेल, तर स्टेरॉइडमुळे शरीराचा प्रतिकार दबतो आणि बुबुळावरील व्रण आत पसरत जातो. रुग्ण नेत्रतज्ज्ञाकडे पोहोचतो तेव्हा बुबुळ पांढरे झालेले असते. हेच थेंब दीर्घकाळ वापरल्यास डोळ्यातील दाब वाढून काचबिंदू होतो, मोतीबिंदूही लवकर येतो. हे थेंब चिठ्ठीशिवाय विकण्यास कायद्याने मनाई आहे, ती याच कारणासाठी.

नेपाळमधील भक्तपूर भागात झालेल्या व २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गावपातळीवरील आरोग्यसेवकांनी बुबुळावर ओरखडा आलेल्या लोकांना वेळीच प्रतिजैविक मलम दिले. १८ तासांच्या आत उपचार सुरू झालेल्यांत व्रण झाला नाही. साधे मलम, पण ते वेळेवर आणि ओरखडा ओळखणाऱ्या माणसाच्या हातून मिळाले, हे त्या यशाचे मर्म आहे. औषधाच्या खिडकीतील प्रशिक्षित माणूस अशा वेळी दोनच गोष्टी करू शकतो : चुकीचे थेंब नाकारणे आणि रुग्णाला त्याच दिवशी नेत्रतपासणीसाठी पाठविणे. एवढ्याने एक डोळा वाचतो.

प्रवेश घेण्यापूर्वी

या क्षेत्रांकडे वळणाऱ्या विद्यार्थ्यांना व त्यांच्या पालकांना मार्गदर्शन करताना काही बाबी लक्षात ठेवणे आवश्यक आहे. औषधनिर्माणशास्त्राच्या पदविकेसाठी संस्थेला फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाची मान्यता आहे किंवा नाही, हे प्रथम पाहावे. ‘औषध साहाय्यक’ अशा नावाच्या अल्प मुदतीच्या प्रमाणपत्राने औषधनिर्माता म्हणून नोंदणी मिळत नाही. त्या प्रमाणपत्रावर दुकानाचा परवाना मिळेल, असे कोणी सांगितल्यास त्यावर विश्वास ठेवू नये. आपले प्रमाणपत्र दुसऱ्याच्या दुकानात टांगून स्वतः अन्यत्र काम करणे हा रुग्णाशी आणि व्यवसायाशी केलेला द्रोह आहे.

नेत्रसेवेच्या बाबतीत २०२१ च्या राष्ट्रीय सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग अधिनियमाने ऑप्टोमेट्रिस्ट, नेत्रसाहाय्यक व दृष्टितंत्रज्ञ यांचा समावेश आपल्या सूचीत केला आहे. म्हणून अभ्यासक्रम निवडताना त्याची मुदत, प्रत्यक्ष कामाचे तास, जोडलेले रुग्णालय आणि कौशल्य आराखड्यातील त्याची पातळी विचारून घ्यावी. ज्या संस्थेत विद्यार्थ्याच्या हाताला लेन्सोमीटर लागत नाही आणि रुग्ण दिसत नाही, तेथील प्रमाणपत्राला कागदापलीकडे किंमत नाही.

शिक्षकांना करता येण्याजोगे कामही मोठे आहे. वर्गात पुढे सरकून बसणारे, डोळे बारीक करून फळा पाहणारे मूल त्यांनाच सर्वांआधी दिसते. शालेय नेत्रतपासणीत त्या मुलाचा नंबर निघाला, की चष्मा मिळाला का आणि ते मूल तो वापरते का, याची नोंद तीन महिन्यांनी पुन्हा घ्यावी. ग्रामपंचायतीने गावातील चाळिशी ओलांडलेल्या स्त्री-पुरुषांची यादी करून नेत्रतपासणीचा दिवस आरोग्य केंद्राशी ठरवावा. राष्ट्रीय कार्यक्रमात गरजू वृद्धांना जवळचे पाहण्याचे चष्मे देण्याची तरतूद आहे. ग्रामसभेत औषधांच्या चिठ्ठीचा विषय निघाल्यास दुकानातील नोंदणी प्रमाणपत्र दर्शनी लावलेले आहे का आणि त्यावरील व्यक्ती तेथे हजर असते का, हे विचारण्याचा नागरिकांना पूर्ण अधिकार आहे. शंका असल्यास अन्न व औषध प्रशासनाकडे ती कळविता येते.

तालुक्यातील एखादी मुलगी दोन वर्षे शिकून परत येते आणि आपल्याच गावाजवळ औषधाच्या खिडकीत किंवा दृष्टिकेंद्रात उभी राहते, तेव्हा तिच्या कुटुंबाला मिळकत मिळते आणि गावाला एक जाणता माणूस मिळतो. तिला गावची भाषा येते. कोणत्या आजीला अक्षर वाचता येत नाही आणि कोणत्या घरी फ्रिज नाही हे तिला ठाऊक असते. इन्सुलिन मातीच्या गार मडक्यात कसे ठेवावे, हे ती त्या आजीला स्वतः करून दाखवू शकते. डॉक्टरांची चिठ्ठी अशा हातात पडली म्हणजे उपचार खऱ्या अर्थाने घरापर्यंत पोहोचतो.